पडद्याआडून वाजलेले क्लॅरिओनेट : अँथनी मॅकगिल यांची वाटचाल आणि उमापूरचा एक प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले उमापूर. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून आम्ही काही सहकारी या पट्ट्यात काम करतो, त्या निमित्ताने इथे येणे-जाणे असते. जयंतीच्या मिरवणुकीनंतर एका संध्याकाळी विहारासमोर दहावीतला एक मुलगा मामाचे जुने क्लॅरिओनेट घेऊन बसला होता. मामा पूर्वी भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचा. मिरवणुकीतला डीजे शांत झाला होता, म्हणून त्याचे वाजवणे ऐकू तरी आले. स्वर कच्चा होता, पण दम चांगला होता. वाजवून झाल्यावर त्याने विचारले, "दादा, ह्याच्यावर पुढं काही होतं का? का नुसतं लग्नातच वाजवायचं?"

आम्ही काही बोलायच्या आत शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, "वाजवायची कामं आपण छप्पन सालीच सोडली. हे पोरगं परत तिकडंच निघालंय."

आजोबांचे म्हणणे आम्हाला खोडता आले नाही. गावगाड्याने जी कामे माथी मारली होती, त्यात दुसऱ्याच्या दारात वाजवणेही अनेकांच्या वाट्याला आले होते. लग्नात वाजवायला बोलवायचे आणि जेवायला पंगतीबाहेर बसवायचे, हे ज्यांनी सोसले त्यांना ते वाद्य नकोसे वाटणे साहजिक आहे. पण मुलाचा प्रश्नही खरा होता. त्या दिवशी आम्ही काहीतरी गोलमाल बोलून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि त्यासाठी आम्हाला थेट शिकागो आणि न्यूयॉर्कपर्यंत जावे लागले.

आधी वाद्याविषयी थोडे. आपल्याकडे बँडवाले त्याला क्लॅरनेट, क्लारोनेट असे काहीही म्हणतात. सनईला दोन पात्यांची पत्ती असते, क्लॅरिओनेटला एकच. ती वेताची पातळ पट्टी तोंडाशी असलेल्या चोचीसारख्या भागाला घट्ट बांधलेली असते. फुंकर मारली की ती थरथरते आणि काळ्या लाकडाच्या नळीतून आवाज निघतो. हे वाद्य साधारण १७०० च्या सुमारास जर्मनीतल्या न्युरेम्बर्ग शहरात योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने घडवले. चांगल्या क्लॅरिओनेटचे लाकूड मात्र युरोपातले नसते, ते टांझानिया-मोझांबिककडचे आफ्रिकन ब्लॅकवुड असते. साडेतीन सप्तकांहून अधिक पल्ला, खाली घुमणारा आणि वर टोकदार होणारा आवाज, आणि अगदी हळू वाजवले तरी न तुटणारा स्वर, यामुळे मोझार्टने १७९१ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या वर्षीच, या वाद्यासाठी स्वतंत्र कॉन्चेर्टो लिहिला. आज जगातला प्रत्येक मोठा क्लॅरिओनेटवादक त्या रचनेवर पारखला जातो.

भारतात ते इंग्रजी फौजेच्या बँडबरोबर आले आणि इथलेच झाले. तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजवले, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. रायचूर जिल्ह्यातल्या वडवाटी गावचे पंडित नरसिंहलू वडवाटी हिंदुस्थानी राग वाजवतात. १९५६ पर्यंत रायचूर आणि बीड एकाच हैदराबाद राज्यात होते, म्हणजे ते आपल्या जुन्या मुलखातलेच. आणि कव्वालीच्या, भीमगीतांच्या पार्टीत बेंजोच्या जोडीला क्लॅरिओनेट ऐकत आपल्या आधीची पिढी वाढली. तेव्हा हे वाद्य परके मानायचे कारण नाही.

आता अँथनी मॅकगिल यांच्याकडे येऊ. त्यांचा जन्म १९७९ चा, शिकागो शहराच्या दक्षिण भागातल्या चॅटम या कृष्णवर्णीय वस्तीतला. वडील अग्निशामक दलात, आई शिक्षिका. थोरला भाऊ डिमार बासरी वाजवायचा, त्याचे पाहून धाकटा क्लॅरिओनेट शिकू लागला. डिमार मॅकगिल पुढे सिॲटल सिंफनीचे मुख्य बासरीवादक झाले. एकाच घरातली दोन मुले दोन मोठ्या वाद्यवृंदांच्या मुख्य खुर्च्यांवर बसली, ही गोष्ट कोणत्याही वंशात दुर्मिळ आहे.

अशा वेळी आपण लगेच म्हणतो, पोरे हुशार, आईवडील जागरूक. दोन्ही खरे. पण १९७९ सालीच शिकागोत आणखी एक गोष्ट घडली होती. पैसा नाही म्हणून तिथल्या सरकारी शाळांमधले संगीताचे वर्ग कापले जात होते. तेव्हा दोन महिलांनी पुढाकार घेऊन मुलांना संगीत शिकवणारी एक संस्था सुरू केली, तीच आजची मेरिट स्कूल ऑफ म्युझिक. शनिवारी मुलांनी यायचे, वाद्य शिकायचे, एकत्र वाजवायचे. ज्यांच्या घरी परवडत नाही त्यांच्यासाठी हे दार मुद्दाम उघडे ठेवले होते. मॅकगिल भाऊ इथे घडले. आजूबाजूला आपल्यासारखीच दिसणारी, आपल्यासारख्याच वस्तीतली मुले व्हायोलिन, बासरी, चेलो वाजवत आहेत, हे ज्या मुलाने नवव्या-दहाव्या वर्षी पाहिले, त्याला "हे आपले नाही" असे वाटायला जागाच उरत नाही.

तिथून मिशिगन राज्यातली इंटरलॉकन ही निवासी कलाशाळा, आणि मग फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट. कर्टिसविषयी मुद्दाम सांगायला हवे. जगातल्या सर्वांत कठीण प्रवेशाच्या संगीतसंस्थांमध्ये तिची गणना होते, आणि १९२८ पासून तिथे कोणत्याही विद्यार्थ्याकडून शिक्षणशुल्क घेतले जात नाही. प्रवेश मिळणे अवघड, पण मिळाला तर बापाच्या खिशाकडे पाहायचे नाही. मॅकगिल तिथे डोनाल्ड मोंटानारो यांच्याकडे शिकले. २००० मध्ये बाहेर पडताच सिनसिनाटी सिंफनीत सहमुख्य क्लॅरिओनेटवादक झाले, २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या वाद्यवृंदात मुख्य वादक, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे मुख्य क्लॅरिओनेटवादक.

या शेवटच्या पदाचे वजन समजायला मागे जावे लागते. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची स्थापना १८४२ ची. म्हणजे १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला त्याच शहरात उतरले, तेव्हा हा वाद्यवृंद सत्तरी ओलांडलेला होता आणि त्यात एकही कृष्णवर्णीय कायम वादक नव्हता. पहिला आला १९६२ मध्ये, सॅनफर्ड ॲलन हे व्हायोलिनवादक. स्थापनेपासून १२० वर्षांनी. आणि एखाद्या वाद्यविभागाचा प्रमुख म्हणून पहिला कृष्णवर्णीय वादक म्हणजे अँथनी मॅकगिल, १७२ वर्षांनी. त्यांच्या आधी ही खुर्ची स्टॅनली ड्रकर यांच्याकडे जवळपास अर्धशतक होती. ते २००९ मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतर पाच वर्षे ती कायमस्वरूपी भरली गेली नव्हती.

मधल्या काळात एक लढाही झाला. १९६९ मध्ये चेलोवादक अर्ल मॅडिसन आणि डबल बासवादक आर्थर डेव्हिस यांनी शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली की फिलहार्मोनिक नेमणुकांत वर्णभेद करते. निवड पडद्याआडून व्हावी, अशी त्यांची मागणी होती. आयोगाने पुढच्या वर्षी निकाल दिला. कायम जागांच्या बाबतीत भेदभाव सिद्ध होत नाही, पण बदली आणि जादा वादक बोलावताना ओळखीपाळखीचीच माणसे बोलावली जातात आणि त्यात भेदभाव होतो, असा त्याचा आशय होता. दोघांना नोकरी मिळाली नाही. ज्यांना कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरच्या नेमणुका कशा होतात हे माहीत आहे, त्यांना हा निकाल वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

पडद्याची पद्धत आपल्या वाचकांना नवी वाटेल. मोठ्या वाद्यवृंदात एक जागा निघाली की शेकडो अर्ज येतात. निवडक वादकांना बोलावतात. रंगमंचावर पडदा असतो, परीक्षक पलीकडे बसतात. उमेदवाराला नाव नाही, फक्त क्रमांक. बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून वाटेवर गालिचा टाकतात. उमेदवाराने बोलायचे नाही, खोकायचेही नाही. ठरलेल्या रचनांमधले दोन-दोन मिनिटांचे कठीण तुकडे वाजवायचे आणि निघून जायचे. आपल्या स्पर्धा परीक्षेच्या लेखी पेपरावर बैठक क्रमांक असतो, आडनाव नसते. साधारण तसेच. आडनाव मुलाखतीत कळते आणि मग काय काय होते, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे.

या पडद्याचा परिणाम झाला का? स्त्रियांच्या बाबतीत चित्र नक्की बदलले. १९६६ च्या आधी कित्येक दशके न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये पूर्णवेळ स्त्री वादक नव्हती. २०२२ मध्ये तिथे ४५ स्त्रिया आणि ४४ पुरुष होते. या बदलात पडद्याचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण दार उघडले हे दिसते. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत मात्र आकडा हललाच नाही. १९६९ मध्ये या वाद्यवृंदात एक कृष्णवर्णीय वादक होता. २०२० मध्ये १०६ पूर्णवेळ वादकांत पुन्हा एकच होता, तो म्हणजे मॅकगिल. अमेरिकेतल्या सगळ्या वाद्यवृंदांचा मिळून २०१४ चा आकडा होता १.८ टक्के.

आम्हाला या सगळ्यातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पडदा चेहरा झाकतो. पण त्या पडद्यामागे उभे राहण्यासाठी आधीची दहा-पंधरा वर्षे लागतात, ती तो झाकू शकत नाही. आठवड्याला एक वैयक्तिक शिकवणी, दर काही वर्षांनी जास्त चांगले वाद्य, उन्हाळी शिबिरे, तरुणांच्या वाद्यवृंदातला सराव, प्रत्येक निवडचाचणीसाठी स्वखर्चाने विमानप्रवास. उच्च मध्यमवर्गीय गोऱ्या घरांमधल्या मुलींना हे सगळे आधीपासून मिळत होते, फक्त शेवटचे दार बंद होते. पडदा आला आणि दार उघडले. कृष्णवर्णीय वस्तीतल्या मुलांना मुळात पहिली पायरीच नव्हती. म्हणून २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे संगीत समीक्षक अँथनी टॉमासिनी यांनी पडदा काढून टाका, वादक निवडताना विविधतेचा विचार उघडपणे करा, अशी मांडणी केली तेव्हा मोठा गदारोळ झाला. "मग गुणवत्तेचे काय?" हा तिथलाही पहिला प्रश्न होता. ऐकून ओळखीचे वाटले असेल.

आमचे मत विचाराल तर पडदा काढायची घाई नको. ज्यांचा चेहरा आणि आडनाव त्यांच्या विरोधात जाते, त्यांच्यासाठी पडदा हे संरक्षण आहे. मॅडिसन आणि डेव्हिस यांनी तोच मागितला होता. पण पडद्यावर सगळी जबाबदारी टाकून बाकीच्यांनी हात झटकायचे, हे चालणार नाही. शिकागोतल्या त्या शनिवारच्या शाळेशिवाय आणि कर्टिसच्या माफ शुल्काशिवाय मॅकगिल यांची गुणवत्ता पडद्यापर्यंत पोहोचली असती का, हे सांगणे कठीण आहे. गुणवत्ता आकाशातून पडत नाही, हे समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो होतो. इथे ते एका माणसाच्या आयुष्यात क्रमाने दिसते.

मॅकगिल यांना जगाने पाहिले ते मात्र दुसऱ्याच प्रसंगी. २० जानेवारी २००९, बराक ओबामा यांचा शपथविधी. इत्झाक पर्लमन, यो-यो मा, गॅब्रिएला माँतेरो आणि क्लॅरिओनेटवर अँथनी मॅकगिल. वॉशिंग्टनमध्ये त्या दिवशी इतकी थंडी होती की लाकडी वाद्ये सुरात राहणे शक्य नव्हते. चौघे प्रत्यक्ष वाजवत होते, पण लोकांनी ऐकले ते दोन दिवस आधी केलेले ध्वनिमुद्रण. नंतर त्यावर थोडी टीका झाली. ज्याने गारठलेल्या बोटांनी पहाटेच्या वरातीत वाजवले आहे, तो ही टीका करणार नाही.

दुसरा प्रसंग मे २०२० चा. मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. करोनाचा काळ, सभागृहे बंद. मॅकगिल यांनी घरीच एक चित्रफीत केली. 'अमेरिका द ब्युटिफुल' हे तिथले प्रसिद्ध देशभक्तिपर गीत त्यांनी वाजवायला घेतले, पण मूळचे आनंदी स्वर बदलून ते उदास, कोमल स्वरांत नेले. शेवटी दोन्ही गुडघ्यांवर बसले, वाद्य धरलेले हात पाठीमागे, मान खाली. भाषण नाही. इतर वादकांनाही त्यांनी असे करण्याचे आवाहन केले आणि जगभरातून प्रतिसाद आला. त्याच वर्षी त्यांना ॲव्हरी फिशर पुरस्कार मिळाला, जो अमेरिकेत शास्त्रीय वादकाला मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या सन्मानांपैकी एक आहे. २०२१ मध्ये त्यांनी फिलहार्मोनिकबरोबर अँथनी डेव्हिस यांची क्लॅरिओनेटसाठीची रचना वाजवली. मैफलीला जाताना पोलिसांनी चुकीच्या संशयावरून आपल्याला अडवले होते, त्या अनुभवातून या कृष्णवर्णीय संगीतकाराने ती लिहिली. तिचे नाव पोलीस अटक करताना उच्चारतात त्या वाक्यावरून आहे : तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे.

गंमत अशी की एवढे करूनही मॅकगिल 'आंदोलक' म्हणून ओळखले जात नाहीत. त्यांचा आठवडा तालीम, मैफल आणि शिकवणी यांत जातो. ते जुलियार्ड आणि कर्टिस या दोन्ही संस्थांत शिकवतात. शिवाय जुलियार्डच्या 'म्युझिक ॲडव्हान्समेंट प्रोग्रॅम'चे ते कलासंचालक आहेत. १९९१ पासून चालणारा हा शनिवारचा वर्ग शास्त्रीय संगीतात ज्यांचे प्रतिनिधित्व कमी आहे अशा समाजांतल्या मुलांसाठी आहे. शनिवारच्या शाळेत शिकलेला मुलगा आज शनिवारची शाळा चालवतो. २०२१ मध्ये या कार्यक्रमाला एका प्रतिष्ठानने ५ कोटी डॉलरची देणगी दिली. जुलियार्डमध्ये लहान मुलांच्या या वर्गाचे काम कमी प्रतिष्ठेचे मानले गेले असते तर नवल नव्हते, पण देशातल्या पहिल्या फळीतला वादक ते सांभाळतो, याला अर्थ आहे.

आता परत उमापूर. त्या मुलाला सरळ उत्तर द्यायचे तर असे. होय, पुढे होते. महाराष्ट्र पोलीस भरतीत बँड्समनच्या जागा निघतात, त्यासाठी वाद्य येणे लागते. सैन्यात लष्करी बँड आहेत आणि मध्य प्रदेशातल्या पचमढीला लष्कराचे संगीत प्रशिक्षण केंद्र आहे. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण त्यात बरेचसे वादक परदेशातून बोलवावे लागतात, कारण इथे तेवढे तयार होत नाहीत. म्हणजे जागा आहेत आणि माणसे नाहीत, अशी स्थिती एका टोकाला आहे, आणि दुसऱ्या टोकाला मामाचे क्लॅरिओनेट घेऊन बसलेला मुलगा आहे. मधली साखळी नाही. नोटेशन वाचायला शिकवणारा कोणी नाही. पत्ती खराब झाली तर ती बदलून मिळायला शहर गाठावे लागते. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे दिवाळी झाली की गाव रिकामे होते. पाच-सहा महिने कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोपीवर. वाद्याचा रियाज असा अर्धे वर्ष मोडून होत नाही, शाळाही होत नाही.

आजोबांशीही पुन्हा बोलणे झाले. मॅकगिल यांचे फोटो, शपथविधीची चित्रफीत त्यांना मोबाइलवर दाखवली. त्यांनी शांतपणे पाहिले. मग विचारले, "ह्याला तिथं जेवायला कुठं बसवतात?" आम्ही सांगितले की बरोबरीने बसवतात, आणि राष्ट्राध्यक्षाच्या कार्यक्रमात मानाने बोलावले होते. त्यावर ते म्हणाले, "मग ठीक आहे. आम्ही वाजवणं नव्हतं सोडलं, बाहेर बसणं सोडलं होतं."

सध्या झाले आहे ते एवढेच. एक निवृत्त पोलीस बँडवाले रविवारी दोन तास यायला तयार झाले आहेत, येण्याजाण्याचा खर्च गावातले तरुण उचलणार आहेत. विहाराची मागची खोली मिळाली आहे. पाच मुले आणि दोन मुली यायला लागल्या आहेत, वाद्ये मात्र तीनच, त्यातले एक बंद पडलेले. मुलाचे आईवडील यंदा तोडीला जाणार आहेत. तो आजीजवळ राहणार की कोपीवर जाणार, यावर घरात अजून बोलणे चालू आहे.